शिंपल्याचा स्नायू पट्टकी की अपट्टकी?

स्नायूंचे तीन प्रकार शाळेतच पाठ होतात: पट्टकी, अपट्टकी आणि हृदयाचा. पट्टकी स्नायू हाडांना जोडलेला, जलद आणि इच्छेच्या ताब्यातला. अपट्टकी स्नायू आतड्याच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला, संथ आणि आपल्या आपण चालणारा. हृदयाचा स्नायू या दोहोंच्या मधला. माणूस, ससा आणि बेडूक यांच्यापुरती ही वाटणी ठीक चालते, कारण ती अशाच प्राण्यांचे स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तयार झाली. पण कालवाचा, शिणाण्याचा, चिंबोरीच्या नांगीचा किंवा माकुळाच्या सोंडेचा काप त्याच काचेवर ठेवला की वाटणी डगमगू लागते. पट्टे असलेला स्नायू कमालीचा संथ निघतो, पट्टे नसलेला जलद निघतो, आणि काही स्नायूंत पट्टे असतात पण ते आडवे नसून तिरके असतात. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या प्राण्यांच्या स्नायूंवर झालेले काम एकत्र वाचले तर माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. पट्टे ही स्नायूची जात नव्हे, ती आतल्या तंतुकांची मांडणी आहे; आणि स्नायू काय करू शकतो हे पट्ट्यांवरून कळत नाही, तर जाड तंतुक किती लांब आहे, तो कशाने भरला आहे आणि त्याच्यावर ताबा कुणाचा आहे यावरून कळते.

आधी पट्टा म्हणजे काय ते पाहू. १९५४ साली ‘नेचर’ या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी छापून आले. एक अँड्र्यू हक्स्ली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघांचे म्हणणे एकच होते: स्नायू आखडतो तेव्हा त्यातले तंतुक आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनचे जाड तंतुक मधोमध, अ‍ॅक्टिनचे बारीक तंतुक दोन्ही बाजूंनी त्यांच्यात शिरलेले, आणि मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला पकडून ओढणारी, हे चित्र तेव्हापासून पक्के झाले. बारीक तंतुक ज्या भिंतीला अडकवलेले असतात ती झेड रेषा, आणि दोन झेड रेषांमधला तुकडा म्हणजे सार्कोमिअर. शेजारशेजारचे सार्कोमिअर काटेकोरपणे एका ओळीत आले की काळे-पांढरे पट्टे दिसतात. ओळ मोडली की दिसत नाहीत. सरकण्याची यंत्रणा मात्र दोन्हीकडे तीच राहते. अपट्टकी स्नायूत झेड रेषेचे काम पेशीभर विखुरलेले घन ठिपके करतात, आणि बारीक तंतुक त्यांच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट दिशेने अडकवलेले असतात. पट्टा म्हणजे शिस्तीची खूण. शिस्त नसली म्हणून काम होत नाही असे नाही.

शिंपल्याच्या दोन झडपा मिटून ठेवणारा स्नायू या प्रश्नासाठी अगदी सोयीचा आहे, कारण निसर्गाने त्यात दोन भाग शेजारी शेजारी ठेवलेत. कालव उघडले की मधोमध पांढरट गोळा दिसतो. नीट पाहिले तर त्याचा एक भाग काचेसारखा पारभासी असतो आणि दुसरा दुधट, अपारदर्शक. पारभासी भाग झडप चटकन मिटतो, दुधट भाग ती मिटून धरतो. पाण्यात झडपा फडकावत पोहणाऱ्या स्कॅलप जातीच्या शिंपल्यांत ही विभागणी आणखी ठळक होते. मोठा जलद भाग स्वच्छ आडव्या पट्ट्यांचा असतो, त्याला चिकटलेला छोटा चंद्रकोरीसारखा भाग पट्टेविरहित असतो. स्कॅलप म्हणून परदेशी हॉटेलांत ताटात येतो तो मोठा भाग. एवढ्यावरच थांबले तर शाळेतली वाटणी सिद्ध झाली असे वाटेल: पट्टे असले की जलद, नसले की संथ. फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सो यांनी १९०९ मध्ये अनेक शिंपल्यांच्या या स्नायूंची रचना तपासली, तेव्हा जवळचे साधन साध्या सूक्ष्मदर्शकाचेच होते आणि त्या काळी हा निष्कर्ष काढणे गैरही नव्हते.

पण कालवाने हा निष्कर्ष टिकू दिला नाही. जीन हॅन्सन यांनी सरकत्या तंतुकांचे काम झाल्यावर जॅक लोवी यांच्यासोबत मृदुकाय प्राण्यांकडे मोर्चा वळवला, आणि १९६१ मध्ये दोघांनी पोर्तुगीज कालवाच्या पारभासी भागाची रचना प्रसिद्ध केली. हा भाग जलद. म्हणजे त्यात आडवे पट्टे हवेत. प्रत्यक्षात तिथे तिरकी, पिळासारखी पट्टी निघाली. शेजारचा प्रत्येक जाड तंतुक आधीच्यापेक्षा थोडा पुढे सरकवून ठेवलेला, आणि तो क्रम पेशीभर चाललेला, म्हणून पट्टा पेशीच्या लांबीला लहान कोनात तिरका जातो. झेड रेषेच्या जागी अखंड भिंत नाही, तिरक्या रांगेत मांडलेले ठिपके आहेत. आता या पेशीला पट्टकी म्हणायचे की अपट्टकी? अनेक पुस्तकांनी ‘तिर्यकपट्टकी’ असा तिसरा कप्पा काढून प्रश्न मिटवला. मला हा तोडगा पटत नाही. कप्पे वाढवल्याने वर्गीकरण सुधारत नाही. गांडूळ, माकूळ आणि कालव यांना एकाच कप्प्यात कोंबून त्यांच्या स्नायूंच्या कामाविषयी आपल्याला काहीच नवे कळत नाही. उलट तिरका पट्टा हे दाखवतो की शिस्तीला पायऱ्या असतात आणि कोणतीही पायरी शेवटची नसते.

पट्ट्यांऐवजी लांबीकडे पाहिले की मात्र गोष्टी जुळू लागतात. जाड तंतुक लांब असला की त्याच्या एका अर्ध्यावर मायोसिनची डोकी जास्त बसतात आणि ती सगळी एकाच बारीक तंतुकाला एकाच दिशेने ओढतात. रस्सीखेचीत दोराच्या एका टोकाला माणसे वाढवावीत तसे हे होते: जोर वाढतो, दोर सरकण्याचा वेग मात्र वाढत नाही. उलट तंतुक आखूड असले की तेवढ्याच लांबीत जास्त सार्कोमिअर एकापुढे एक बसतात. प्रत्येकाचे सरकणे पुढच्याच्या सरकण्यात मिळते आणि एकूण वेग वाढतो, जोर मात्र कमी राहतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ही तडजोड दिसत नाही, कारण त्यांच्या हाडांवरच्या स्नायूंत जाड तंतुक जवळजवळ सगळीकडे १.६ मायक्रोमीटरचाच असतो. वेगाचा सगळा फरक ते मायोसिनच्या वेगवेगळ्या वाणांनी साधतात. कवचवाल्या आणि मृदुकाय प्राण्यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी तंतुकाची लांबी बदलली.

याचा सर्वांत लख्ख पुरावा माकुळाचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डोरिट्यूथिस वंशाच्या माकुळाला आठ हात आणि भक्ष्यावर झेपावणाऱ्या दोन लांब सोंडा असतात. विल्यम कीअर यांनी १९८५ मध्ये दोन्हींची रचना शेजारी ठेवली. हातांत तिरके पट्टे आणि सुमारे ७.४ मायक्रोमीटरचे जाड तंतुक. सोंडेला लांब करणाऱ्या स्नायूत आडवे पट्टे आणि सुमारे ०.८ मायक्रोमीटरचे तंतुक. सोंड २० ते ४० मिलिसेकंदांत भक्ष्यापर्यंत पोहोचते, हात सावकाश हलतात. पुढे १९९२ मध्ये दोन्ही स्नायूंची प्रथिने तपासली गेली, तेव्हा मायोसिनमध्ये सांगण्याजोगा फरक सापडला नाही. म्हणजे एकाच प्राण्यात, जवळपास त्याच प्रथिनांतून, केवळ तंतुक आखूड करून जलद स्नायू घडवला गेला. पट्टे आडवे झाले ते या आखूडपणाच्या सोबतीने. वेगाचे कारण त्यांच्याकडे जात नाही.

दुसरे टोक खेकड्याच्या नांगीत आहे. तिचा स्नायू पट्टकी असतो, पट्टे ठसठशीत असतात, आणि तरीही तो जोरदार आणि संथ असतो. कॅन्सर वंशाच्या खेकड्यांच्या नांग्यांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात सार्कोमिअरची लांबी १० मायक्रोमीटरच्या वर आढळली आणि दर चौरस सेंटिमीटर छेदामागचा जोर आपल्या स्नायूच्या कैक पट भरला. असाच जोर शिणाण्याच्या एका पूर्ण पट्टेविरहित स्नायूत मोजला गेलेला आहे. शिणाणी ज्या धाग्यांनी खडकाला चिकटून राहतात ते धागे ओढणारा हा स्नायू, आणि त्याचे जाड तंतुक २० मायक्रोमीटरहूनही लांब असतात. ठळक पट्ट्यांचा खेकडा आणि बिनपट्ट्यांचे शिणाणे जोराच्या बाबतीत एका पंक्तीला बसतात, पण पट्टकी खेकडा आणि पट्टकी ससा बसत नाहीत. वर्गीकरणाचा उपयोग एकसारख्या वागणाऱ्या गोष्टी जवळ आणण्यासाठी असेल, तर इथे पट्ट्यांनी नेमके उलटे केले आहे.

अमेरिकी लॉबस्टरने हा मुद्दा वाढीच्या बाजूनेही दाखवला. त्याच्या दोन नांग्या सारख्या नसतात: एक जाडजूड, कवच फोडणारी, दुसरी सडपातळ, कापणारी. फोडणाऱ्या नांगीतले तंतू सगळे संथ, सार्कोमिअर ६ मायक्रोमीटरहून लांब. कापणारीत बहुतेक तंतू जलद, सार्कोमिअर ४ मायक्रोमीटरच्या आत. पण पिल्लावस्थेत दोन्ही नांग्या सारख्याच असतात. कोणती फोडणारी होणार हे जन्मानंतर, कोणती जास्त वापरली जाते यावरून ठरते. आणि पिल्लांना धरायला, चाळवायला काहीच न देता गुळगुळीत टाकीत वाढवले तर दोन्ही नांग्या कापणाऱ्याच होतात. गोविंद आणि पीअर्स यांनी १९८६ मध्ये मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त हालचालींवर प्रयोग करून यामागचे कारण उलगडले. म्हणजे सार्कोमिअरची लांबी ही वापराने ठरणारी गोष्ट आहे, जन्मजात जात नव्हे. (कोकणातल्या शेवंडाला अशा मोठ्या नांग्याच नसतात, त्यामुळे ही गोष्ट त्याला लावू नये.) खेकड्यांत तर भरलेला स्नायूही कायमचा नसतो. कवच टाकायच्या आधी नांगीतला स्नायू झिजतो, कारण एवढे मांस नांगीच्या बुडाशी असलेल्या अरुंद सांध्यातून ओढून काढायचे असते. जमिनीवरच्या एका खेकड्यात या झिजेत बारीक तंतुक जाड तंतुकांपेक्षा जास्त प्रमाणात नाहीसे होतात, असे १९८१ मध्ये दाखवले गेले. बाजारात ‘भरलेला’ आणि ‘पोकळ’ खेकडा अमावास्या-पौर्णिमेवरून ओळखायची पद्धत आहे. स्नायूचे काप पाहणाऱ्याला मात्र आधी कवच टाकण्याच्या चक्राचाच विचार करावा लागतो.

लांबीने सगळे सुटते असे मात्र नाही. स्नायू चालू-बंद कोण करतो, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तिथेही शिंपल्याने पाठ्यपुस्तकाला धक्का दिला. जपानी शास्त्रज्ञ एबाशी यांनी १९६०च्या दशकात ट्रोपोनिन शोधले: कॅल्शिअम बारीक तंतुकावरच्या या प्रथिनाला चिकटते आणि स्नायू चालू होतो. हा नियम सर्वत्र लागू असावा असे मानले जाऊ लागले होते. १९७० मध्ये केंड्रिक-जोन्स, लेमन आणि सेंट-ग्योर्गी यांनी स्कॅलपच्या स्नायूवर दाखवले की तिथे कॅल्शिअम थेट मायोसिनला चिकटते. ताबा जाड तंतुकावर आहे. आणि ही गोष्ट स्कॅलपच्या पट्टकी भागालाही लागू पडते. म्हणजे त्याचे पट्टे सशासारखे, पण कळ सशाच्या विरुद्ध बाजूला. १९७५ मध्ये लेमन आणि सेंट-ग्योर्गी यांनी प्राणिसृष्टीभर पाहणी केली. बहुतेक अपृष्ठवंशी प्राण्यांत दोन्ही कळा एकत्र आढळल्या, मृदुकायांत मायोसिनवरचीच, आणि खेकडे-झिंग्यांच्या गटातल्या जलद स्नायूंत पृष्ठवंशीयांसारखी फक्त बारीक तंतुकावरची. या नकाशाच्या सीमा पट्ट्यांच्या सीमांशी कुठेच जुळत नाहीत.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. पट्टे हे केवळ मांडणी असतील, तर पट्टकी आणि अपट्टकी पेशींच्या जनुकांत खोल, प्राचीन फरक का सापडतो? २०१६ मध्ये प्लॅटिनेरीस या समुद्री किड्यावर झालेल्या कामाने दाखवले की त्याच्या शरीरभित्तीतल्या पट्टकी आणि आतड्यातल्या अपट्टकी पेशी ज्या जनुकांनी ओळखल्या जातात, तशाच जोड्या आपल्यातही आहेत. म्हणजे हा भेद आपल्या आणि त्या किड्याच्या समान पूर्वजाइतका जुना असावा. हे काम मला खरे वाटते, आणि शिंपल्यांवर बोट ठेवून ते उडवून लावणे चुकीचे ठरेल. पण ते जे सिद्ध करते ते पेशींच्या दोन वंशांविषयी आहे, पट्ट्यांविषयी नाही. स्कॅलपच्या उदाहरणाने हा फरक स्पष्ट होतो. १९९४ मध्ये निट्राय आणि सहकाऱ्यांनी दाखवले की स्कॅलपच्या पट्टकी भागातला मायोसिन आणि पट्टेविरहित भागातला मायोसिन एकाच जनुकातून येतात. जनुकाचा संदेश दोन ठिकाणी वेगळ्या रीतीने जोडला जातो एवढेच. शिंपल्याचा बिनपट्ट्यांचा स्नायू आपल्या आतड्याच्या स्नायूचा भाऊ आहे असे मानायला म्हणूनच जागा उरत नाही. दुसऱ्या बाजूने २०१२ मध्ये जेलीफिशच्या पट्टकी स्नायूंचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांत ट्रोपोनिनसह आपल्या पट्ट्यांची कित्येक प्रथिने मुळातच नव्हती. पट्टे स्वतंत्रपणे, निदान दोनदा, तयार झाले. जे दोनदा बनू शकते आणि एका जनुकाच्या आवृत्तीत मोडूही शकते, त्याला जात म्हणणे कठीण.

आता सर्वांत जुना आणि सर्वांत गाजलेला प्रश्न, ज्याने या साऱ्या अभ्यासाला खरी चालना दिली. शिंपल्याची बिजागरी लवचीक असते आणि झडपा सतत उघडायचा प्रयत्न करते. मिटून ठेवायच्या तर स्नायूने अखंड ओढत राहावे लागते. तिसऱ्या शिजल्या की उघडतात, आणि मेलेली तिसरी आधीच उघडी पडलेली असते, ती याचमुळे. ओहोटीत उघड्यावर पडलेला शिंपला तासन् तास मिटून राहतो. एवढा वेळ आपला स्नायू ओढत राहिला तर थकून गळून जाईल. १८८५ मध्ये इव्हान पावलॉव्ह यांनी, कुत्र्यांवरच्या गाजलेल्या प्रयोगांच्या कितीतरी आधी, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यावर दाखवले की एक मज्जातंतू हा स्नायू आवळतो आणि दुसरा त्याला सोडवतो. पारनास यांनी १९१० मध्ये मोजले की वजन धरून बसलेल्या शिंपल्याचा प्राणवायूचा खर्च फारसा वाढत नाही. पकड आहे, पण खर्च नाही. बेटी ट्वारॉग यांनी १९५४ मध्ये शिणाण्याच्या धागे ओढणाऱ्या स्नायूवर ही पकड प्रयोगशाळेत बांधून दाखवली: असेटिलकोलिन या रसायनाने स्नायू आवळतो आणि ते धुऊन टाकल्यावरही आवळलेलाच राहतो, सेरोटोनिन दिले की लगेच सैल पडतो. शिंपल्याला सैल करणारे रसायन शोधता शोधताच ट्वारॉग सेरोटोनिनकडे वळल्या होत्या, आणि १९५३ मध्ये अर्व्हाइन पेज यांच्यासोबत त्यांनी ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचे दाखवले. आज औषधांच्या दुकानात ज्याचे नाव रोज निघते, त्या रसायनाच्या इतिहासात शिणाण्याचा वाटा एवढा मोठा आहे.

पकड कोण धरते? पहिला संशय पॅरामायोसिन या प्रथिनावर गेला, आणि तो नैसर्गिक होता. शिंपल्याच्या स्नायूतले त्याचे जाड तंतू हॉल, जाकुस आणि श्मिट यांनी १९४५ मध्येच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. स्नायूच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी ती आहेत. पकड असलेल्या स्नायूंत हे प्रथिन भरपूर असते आणि जाड तंतुकाचा गाभा त्याचाच बनलेला असतो, तेव्हा हे गाभे एकमेकांना चिकटून गोठत असावेत अशी कल्पना पुढे आली. तिला विरोध करणाऱ्यांत लोवी होते. त्यांच्या मते पकड म्हणजे मायोसिनच्या डोक्यांनीच अ‍ॅक्टिन सोडायला वेळ लावणे. पॅरामायोसिनच्या बाजूने सर्वांत जास्त बोलले जाते ते त्याच्या प्रमाणावरून. पण १९७६ मध्ये अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांची तुलना झाली तेव्हा ते प्रमाण जाड तंतुकाच्या लांबीबरोबर वाढत असल्याचे दिसले, आणि पॅरामायोसिन पकड नसलेल्या स्नायूंतही, अगदी स्कॅलपच्या पट्टकी भागातही असते. मला हे उत्तर पुरेसे वाटते. पॅरामायोसिन लांब तंतुकाला आतून ताठ ठेवते. वर सांगितलेला जबर जोर त्याच्याशिवाय पेलणार नाही, पण पकड हे त्याचे काम असल्याचा पुरावा नाही.

पकडीचा माग शेवटी वेगळ्याच प्रथिनाकडे गेला. सीगमन, बटलर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की सेरोटोनिन आल्यावर शिणाण्याच्या स्नायूत ट्विचिन नावाच्या महाकाय प्रथिनावर फॉस्फेट बसते आणि पकड सुटते; फॉस्फेट निघालेले असताना पकड टिकते. ट्विचिन हे जाड तंतुकावर बसणारे प्रथिन. २००१ मध्ये जपानमध्ये यामादा आणि सहकाऱ्यांनी काचेवर निवळ मायोसिन, निवळ अ‍ॅक्टिन आणि ट्विचिन एवढेच घेऊन पकड उभी करून दाखवली. पॅरामायोसिनची गरज पडली नाही. उरलेला वाद आहे तो हात कुणाचा यावर: ट्विचिन स्वतःच अ‍ॅक्टिनला धरून जाड आणि बारीक तंतुक बांधतो, की मायोसिनच्या डोक्यांना सुटू देत नाही? साल्झबर्गच्या एका संशोधक गटाने मायोसिनच्या डोक्यांची पकड रसायनांनी रोखली, तरी स्नायूचा ताठरपणा टिकून राहिला. ट्विचिनच्या फॉस्फेट बसणाऱ्या जागेजवळचा तुकडा अ‍ॅक्टिन आणि मायोसिन दोघांनाही चिकटतो, हेही माहीत आहे. यावर आक्षेप असा की २००१च्या प्रयोगात मायोसिन लागलाच. पण ट्विचिनला बसायला जाड तंतुक लागतो आणि तो मायोसिनचाच असतो, तेव्हा मायोसिन हजर असणे म्हणजे पकड त्याची, असे ठरत नाही. पारडे आज ट्विचिनच्या थेट बांधणीकडे झुकलेले आहे, आणि पकडीचे श्रेय अजूनही पॅरामायोसिनला देणारी पुस्तके पुढच्या आवृत्तीत दुरुस्त व्हायला हवीत.